आठ अंश

रात्री जेवणं झाली की शैलजा
वही काढते. आधी मराठीत, स्वतःपुरतं,
मग इंग्रजीत, मोठ्या कागदावर,
शाळेच्या जिन्याखालच्या फळ्यासाठी:
उद्या कमाल सत्तेचाळीस, वारा वायव्येचा,
दुपारनंतर धूळ. दमा असलेल्या मुलांनी
खेळाच्या तासाला आत बसावं.
त्याखाली, जरा बारीक अक्षरात, आभाळ.
शनी किती वाजता, चंद्र कुणाच्या शेजारी.
शेवटी नाव नाही, नुसतं "कुबल, विज्ञान".

मी तेव्हा मीना अब्दुल्लाला, रात्रपाळीत,
पडद्यावरचे आकडे बघत असतो.
दाब, तापमान, प्रवाह.
आमचंही हवामानच म्हणा,
फक्त अंदाज चुकला
तर कागद बदलून भागत नाही.

फहाहीलच्या आमच्या गच्चीवरून
दक्षिणेला पाहिलं की आमची ज्वाला दिसते.
चिमणीच्या टोकाला, बारा महिने.
तेवढं आभाळ कायम नारिंगी,
उकळून उकळून ठेवलेल्या चहासारखं.
अकरा वर्षं झाली इथं. भांडणं मोजकी,
पण सप्टेंबर लागला की हे एक ठरलेलं:
"तुमची ती मशाल जरा बारीक
करता येत नाही का हो?"
जणू गॅसवर दूध ठेवलंय.

तिला अगस्ती हवा असतो.
इथले म्हातारे त्याला सुहैल म्हणतात,
तो दिसला की रात्रींचा ताप उतरतो म्हणतात.
तिचे वडील म्हणायचे,
अगस्ती उगवला की व्हाळाचं पाणी निवळतं.
दोन्ही तिला शास्त्रात बसवता येतं
आणि दोन्ही ती बसवत नाही.

मालवणात तो माडांच्या डोक्यावर यायचा.
हात लांब करून ती मुठींनी मोजून दाखवते:
एक मूठ म्हणजे दहा अंश,
तिथं दोन मुठी आणि वर एक बोट.
इथं फार तर आठ. मूठसुद्धा भरत नाही.
मी विचारलं होतं, मग तो खाली सरकला
की आपण वर?
म्हणाली, "आपण."

यंदा प्लांट बंद ठेवायचा ठरला, दुरुस्तीला.
आधी दोन रात्री ज्वाला पिसाळली,
कामगारांच्या बराकींच्या भिंती उजळून निघाल्या.
तिसऱ्या रात्री, तीन चाळीसला,
एकदा फडफडली आणि गेली.
माझ्या पाळीत ती कधी विझली नव्हती.
कान एकदम मोकळे झाले,
तेव्हा कळलं की ती आवाजही करायची.

सव्वाचारला फोन लावला.
"वर जा," एवढंच म्हणालो.
तिनं का म्हणून विचारलं नाही,
चप्पल शोधल्याचा आवाज आला,
मग लिफ्टचा, मग काहीच नाही.

मीही बाहेर आलो. हवा ओल्या फडक्यासारखी,
रेलिंगला हात लावला तर पाणी.
समोर अंधार, आणि त्यात
क्षितिजाला टेकून एक, तसाच जरासा थरथरता.
तोच का, मला कळेना.
मूठ धरून पाहिली. हातमोजा तसाच होता.
काढला. पुन्हा मोजलं. मूठ अर्धीच भरली.
तोच असावा.

तिनं परत फोन केला नाही.
सकाळी घरी पोचलो तर ती शाळेत गेलेली,
चहाचा कप विसळून पालथा,
आणि वही टेबलावर, उघडी ठेवल्यासारखी:

किमान अठ्ठावीस. आर्द्रता ब्याऐंशी.
दृश्यमानता उत्तम.
दक्षिणेच्या जरा पूर्वेला, चार-पाच अंशांवर, अगस्ती.
दिसण्याचं कारण: स्थानिक.

शेवटची ओळ
फळ्यावरच्या कागदात तिनं उतरवली नाही.
दहा दिवसांनी ज्वाला पुन्हा पेटली.
पाळी माझीच होती.